सहाव्या लेमाचं वर्तुळ

४ जानेवारी

चि. खडूस,

पेपर गेला. काल दुपारी पाठवला, आणि पाठवल्यावर काय करायचं हे ठरवलेलंच नव्हतं, त्यामुळे मी आणि तुझी मामी बराच वेळ समोरासमोर खुर्च्यांत बसून राहिलो. तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखं ‘बरंय, बरंय’ एवढंच बोललो. फोनवर मला गणित सुचत नाही आणि मायाही सुचत नाही. म्हणून हे पत्र.

मामीने विचारलं, इतकी वर्षं जिन्याखालच्या त्या खोलीत बसून नक्की काय सिद्ध केलंत? तिला तिच्याच दुकानातलं उदाहरण दिलं. म्हटलं, तू कापड धुऊन मग कापतेस. नवीन मुलीने एकदा आधी कापलं आणि मग धुतलं, तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात सदरा जाईना. आमच्या क्वांटम ग्रुपांच्या दुनियेत सगळं असंच, क्रम उलटला की वस्तू बदलते. काही घरं तरी नशीबवान असतात. त्यांच्याकडे ट्रेस नावाचा एक तराजू असतो. क्रम उलटला तरी तो वजन तेच दाखवतो. माझ्या कुटुंबातल्या ग्रुपांकडे तो तराजू नाही, तिथे वजनही तिरकं आहे. तिरकेपणा थोडा असला तर काय होतं ते लोकांना ठाऊक होतं. मी दाखवलं, की तो कितीही असला तरी त्यांच्यातून येणारं फॉन नॉयमन अल्जिब्रा एकसंध असतं. केंद्रात काही लपलेलं नसतं आणि घराचे दोन तुकडे होत नाहीत.

मामी म्हणाली, ‘म्हणजे घर फुटत नाही हे तुम्ही इतकी वर्षं सिद्ध करत होतात? मला विचारायचं होतंत.’

मांडणी आपल्या जुन्याच पद्धतीने केली. आधी तराजू आहे असं समजून बिनधास्त पुढे जायचं, आणि जिथे जिथे तसं समजलो तिथे समासात पेन्सिलीने एक वर्तुळ काढायचं. मग परत फिरून एकेका वर्तुळाशी थांबायचं, तराजूशिवाय ती जागा पार करायची आणि वर्तुळ खोडायचं. तू शाळेत असताना आमच्याकडे राहायचीस, तेव्हा माझ्या शेजारी बसून तशीच वर्तुळं काढायचीस. तुझं वर्तुळ कधी मिटायचं नाही, वरती फट राहायची. मी म्हणायचो, यातून गणित पळून जाईल. या वेळी मी सगळी पानं तपासली, एकही वर्तुळ शिल्लक नाही. मग ती विभागातल्या क्लार्ककडे टाइप करायला दिली.

अक्षर मोठं आलंय, पेन जाड आहे. डोळे जरा कुरकुर करतात एवढंच. डोकं जाग्यावर आहे आणि त्याचा पुरावा आता टपालात आहे.

तुझा,
मामा


२१ जानेवारी

संपादक महोदय,

आपला निरोप मिळाला. सोबतचा लेख तपासायला मी तयार आहे. आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. लेखकाबरोबर माझा एकही संयुक्त लेख नाही, आणि त्यांच्या विभागात मी कधी शिकलेले किंवा नोकरीला राहिलेले नाही. अहवाल शक्य तितक्या लवकर पाठवीन.

आपली विश्वासू


२२ जानेवारी

ती. मामा,

पत्र वाचून खोलीत एकटीच हसत बसले. मामीला सांग, तिचा प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला ऐकवणार आहे.

पेपरची प्रत मला पाठवू नकोस हं. छापून आला की पहिल्यांदा तेव्हाच वाचीन, तोवर उत्सुकता राहू दे. कुणाला पाठवला असेल रे तपासायला? या विषयातली माणसं मोजकीच. जो कोणी असेल त्याचं भाग्य, एवढंच म्हणते.

इथे मला नवीन टेबल मिळालंय. खिडकीखाली आहे, पण खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची गॅलरी आणि तिथे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. ‘जाड पेन’ म्हणालास म्हणून विचारते, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलास का? गेला नसशील. मामीबरोबर जा आणि मला कळव.

तुझी,
खडू


२ मार्च

चि. खडू,

हे पत्र मी दुकानातून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव, घरच्या नको.

जाड पेन वगैरे काही नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग चाललाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्या तोंडाकडे बघतात तेव्हा माझे कान दिसतात म्हणे, आणि मधे राखाडी डाग. डॉक्टरने सांगितलं, उपाय नाही, हळूहळू वाढत जाईल. तुझे मामा डॉक्टरला म्हणाले, ‘आयुष्यभर केंद्रात काही नाही हे सिद्ध केलं, ते डोळ्यांनी मनावर घेतलेलं दिसतं.’ डॉक्टर बिचारा माझ्याकडे बघायला लागला. घरी येताना मात्र जिन्यात माझा हात सोडला नाही.

डोळ्यांचं त्यांना एवढं नाही गं. त्यांची भीती वेगळी आहे. अण्णांचं शेवटी काय झालं ते तुला आठवत असेल. तुझे आजोबा इतका हुशार माणूस, आणि शेवटी चपलांच्या कपाटात साखर ठेवायचे आणि माझ्याकडे बघून विचारायचे, या बाई कोण? परवा यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. तसं कुणीही ठेवेल, मीही ठेवलाय. पण दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, ‘तो पेपर स्वीकारला गेला ना, की मला कळेल डोकं शाबूत आहे. अण्णांना असा पेपर लिहिता आला नसता.’ तेव्हापासून रोज टपालपेटी उघडतात. दिसत नाही म्हणून हात आत घालून चाचपतात.

तुम्हा गणितवाल्यांची एकमेकांशी ओळख असते. तो तपासणारा कोण आहे ते शोध ना. त्याला म्हणावं, लवकर हो म्हण बाबा.

तुझी,
मामी


२८ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र वाचलंस की फाडून टाक.

तो तपासणारा मीच आहे.

संपादकांना आमचं नातं माहीत नाही. आडनावं वेगळी, आणि त्यांनी जे विचारलं त्यात मामा आहे का असा प्रश्न नव्हता. मीही सांगितलं नाही. वाईट हेतू नव्हता गं. वाटलं, दुसऱ्या कुणाकडे गेला तर वर्षभर टेबलावर पडून राहील. मी पटकन वाचीन, कौतुकाची चार वाक्यं लिहीन, आणि मामाला आयुष्यात कधी कळणार नाही की ती कुणी लिहिली. मलाच मजा वाटत होती.

सहाव्या लेमापाशी, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणाऱ्या सहाव्या पायरीपाशी, अडकले आहे. मामाने तुला ते धुण्या-कापण्याचं सांगितलं ना? तो सहाव्या लेमात एक वस्तू घेतो, तिला दोन्ही बाजूंनी गुंडाळतो, आणि गुंडाळल्यावरही तिचं माप तेच राहिलं असं म्हणून पुढे जातो. तराजू असलेल्या घरात ते खरं आहे. मामाच्या घरात नाही. तिथे प्रत्येक वेळी माप थोडं बदलतं, आणि हे गुंडाळणं त्याला पुन्हा पुन्हा करावं लागतं. तुझं कापड धुण्यागणिक आटत गेलं तर शेवटी हातात किती उरेल, तसं. तिरकेपणा थोडा असेल तर सांभाळून नेता येतं, पण तेवढं आधीपासून सगळ्यांना माहीत आहे. ‘कितीही असला तरी’ यातच मामाचं सगळं नवं काम आहे, आणि ते या एका लेमावर उभं आहे.

प्रमेय खोटं आहे असंही नाही. खोटं असल्याचं उदाहरण शोधलं, सापडलं नाही. खरं असल्याची वाटही सापडत नाही. मी काम सोडून दिलं तर ते दुसऱ्याकडे जाईल आणि त्यालाही हेच दिसेल. नाही दिसलं तर त्याहून वाईट. छापून येईल, आणि मग एखाद्या परिषदेत कुणीतरी तरुण मुलगा सगळ्यांसमोर फळ्यावर दाखवेल.

मी भोक बुजवायचा प्रयत्न करतेय. बुजलं तर तो उपाय कसातरी मामापर्यंत पोचवीन, त्यालाच सुचला असं वाटेल असा. तोपर्यंत त्याला काही कळू देऊ नकोस. मला खूप भीती वाटतेय मामी.

खडू


९ एप्रिल

खडू,

पत्र फाडलं. आधी कात्रीने कापलं, मग फाडलं.

मी अडाण्यासारखी विचारते. तू हो म्हणालीस तर कुणाचं काय बिघडणार आहे? पूल पडणार आहे का कुठला? किती माणसं वाचणार आहेत तो पेपर? तुझे मामाच म्हणतात, जगात सात-आठ. त्या सात-आठांसाठी माझ्या घरातला माणूस रोज चाचपत टपालपेटीशी उभा राहतो. तू त्याच्या मांडीवर बसून वाढलीस. तुला ताप आला की हा माणूस रात्रपाळीच्या नर्ससारखा बसायचा, आणि तू त्याला नाही म्हणणार?

हे लिहिलं आणि पाठवू नये असं वाटलं. तरी पाठवतेय. तू हो म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे. तुला त्यानेच वाढवलंय.

भोक बुजतंय का ते कळव.

मामी


१६ मे

चि. खडूस,

तुझं पत्र नाही, म्हणजे तू कामात आहेस. असूदे. इथे माझं काम म्हणजे वाट बघणं. त्यातही मी आता पारंगत झालोय.

हा परीक्षक कोण महाभाग आहे देव जाणे. मला वाटतं पहिल्या पानावरच झोपला. किंवा अशा जातीचा असेल, की समोरच्याने जमवलं ते आपल्याला का नाही जमलं, म्हणून खुन्नस काढत बसलाय. संपादकाला विचारलं तर उत्तर आलं, ‘परीक्षक लेख अतिशय बारकाईने वाचत आहेत.’ बारकाईने! मी तिशीत असताना दोन आठवड्यांत अहवाल द्यायचो. भेटला तर कान पिळीन त्याचा. कान अजून दिसतात मला, मधलंच काय ते दिसत नाही. मामीने तुला कळवलं असणारच, तिच्या पोटात काही राहत नाही.

डोकं मात्र लख्ख आहे. काल अंघोळ करताना पाचव्या लेमाची सिद्धता पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणून काढली, एक अक्षर चुकलं नाही. पाणी गार झालं आणि मामी दार ठोठावायला लागली.

तुझा,
मामा


३० मे

ती. मामा,

पत्र लिहायला उशीर झाला, कान पकडते. पिळायला तू येणारच आहेस.

मीही एका ठिकाणी अडकले आहे. माझं वेगळंच काम आहे, पण तुझी मदत होईल. समज, ट्रेस नाही. एका घटकाला दोन्ही बाजूंनी गुंडाळायचंय, आणि असं पुन्हा पुन्हा करायचंय. डावीकडून काही अडचण नाही, पण उजवीकडून दर वेळी एक गुणक चिकटतो आणि तो वाढत जातो. तिरकेपणा थोडा असेल तर मी आवरू शकते. खूप असेल तर सगळं हाताबाहेर जातं. अशा वेळी तू काय करशील? अगदी सविस्तर लिही. तू स्वतः कधी अशा जागी अडकला असशील तर तेही लिही.

मामीला नमस्कार सांग.

खडू


११ जून

चि. खडूस,

शाब्बास. इतकी मोठी झालीस, विद्यार्थी शिकवायला लागलीस, आणि विचारतेस काय? ट्रेस नसताना उजवीकडून गुणलं की माप बदलतं, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. सगळेजण तिथेच पाय घसरून पडतात. डाव्या बाजूला लक्ष असतं, उजवी बाजू आपोआप येईल असं वाटतं, ती येत नाही. वर्तुळ काढलंस का त्या जागी? काढलं नसशील. आधी वर्तुळ काढ, मग परत ये आणि जोवर ती जागा पार होत नाही तोवर खोडायचं नाही. एवढं पाळलं तर माणूस चुकत नाही.

माझ्याही पेपरात ही खिंड आहे बरं का. एक लेमा खास तेवढ्यासाठीच आहे. मी ती कशी पार केली हे तुला सविस्तर लिहायला बसलो होतो, पण या क्षणी नेमकं आठवत नाहीये. काहीतरी सुबक होतं. पार केली हे नक्की, कारण वर्तुळ शिल्लक राहिलं नव्हतं. छापून आलं की तूच बघ आणि तुझ्या कामात वापर. माझं नाव घालायला विसरू नकोस म्हणजे झालं.

मामी म्हणते, हल्ली तुझी पत्रं छोटी येतात.

मामा


१९ ऑगस्ट

संपादक महोदय,

अहवाल पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल क्षमा मागते.

लेखाची मांडणी उत्तम आहे. पाचवा लेमा आणि त्याची सिद्धता यांच्या तोडीचं या विषयात मी बऱ्याच वर्षांत काही वाचलेलं नाही.

परंतु सहाव्या लेमाच्या सिद्धतेत, दुसऱ्या परिच्छेदात, घटकाला दोन्ही बाजूंनी गुणल्यावर त्याचं माप बदलत नाही असं गृहीत धरलेलं आहे. ट्रेस नसताना हे खरं नाही. तिरकेपणा कमी असल्यास ही त्रुटी दूर करता येते, पण मग मुख्य प्रमेय आधीच ज्ञात असलेल्या निकालावर येऊन थांबतं. सध्याच्या रूपात लेख प्रकाशित करण्याची शिफारस मला करता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मी स्वतः अनेक महिने प्रयत्न केला. मला जमलं नाही. हे शेवटचं वाक्य लेखकाला जसंच्या तसं दाखवावं, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू


१४ सप्टेंबर

चि. खडू,

हे अक्षर मामीचं आहे, सांगतोय मी. पेनची रेघही आता मला दिसेनाशी झाली आहे.

अहवाल आला. मामीने वाचून दाखवला. मधले शब्द तिला उच्चारता येत नव्हते, तरी कळलं. परीक्षक सभ्य माणूस आहे, आणि त्याचं बरोबर आहे. मी संपादकाला कळवून लेख मागे घेतला. मे महिन्यात मी त्याला झोपाळू आणि खुनशी म्हणालो होतो, ते शब्द परत घेतो.

चूक झाली त्याचं दुःख आहे, नाही कशाला म्हणू. पण चुका सगळ्यांच्या होतात, मी काही आभाळातून पडलेलो नाही. मला दुसरंच काही खातंय आणि ते तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. त्या जागी मी वर्तुळ काढलं होतं का? काढलं असेल, आणि नंतर परत फिरलो तेव्हा मला ते दिसलं नसेल, तर दोष डोळ्यांचा. डोळे गेलेच आहेत, त्यांच्या नावावर आणखी एक गुन्हा लिहायला माझी हरकत नाही. पण मी ते काढलंच नसेल, ती जागा समोर असताना, पन्नास वर्षांची सवय असताना माझ्या मनातच आलं नसेल, तर मग ते अण्णांचं सुरू झालंय.

हाताने लिहिलेलं ते पान सोबत ठेवलंय. कुठला लेमा ते लिहीत नाही, तुला माहीत आहे. बघ आणि सांग. खरं काय ते सांग.

मामा

(मामीकडून: मी पान पाहिलेलं नाही. बघू का म्हणून विचारलं तर ‘नको, नको’ म्हणून ओरडले. कितवं पान ते कागदाच्या कोपऱ्याच्या दुमडीवरून त्यांनी चाचपून शोधलं, स्वतःच घडी घातली आणि पाकीट माझ्याकडून चिकटवून घेतलं. हल्ली माझं नाव घ्यायच्या आधी क्षणभर थांबतात. मुद्दाम थांबतात की काय, कळत नाही. मला काहीच कळेनासं झालंय. तूच काय ते बघ.)


२३ सप्टेंबर

ती. मामा,

वर्तुळ आहे.

सहाव्या लेमाच्या दुसऱ्या परिच्छेदाशेजारी, डाव्या समासात. पेन्सिलीचं, फिकट. तुला दिसलं नसेल यात काही नवल नाही, मलाही कागद उजेडात धरावा लागला. तू काढलं होतंस आणि परत फिरलास तेव्हा ते तुझ्या नजरेच्या मधोमध आलं असेल. डोळ्यांचा दोष आहे, मामा. डोक्याचा नाही.

पान परत पाठवते आहे. मामीला दाखव, ती सांगेल.

आता त्या संपादकाला विसर आणि पाचवा लेमा वेगळा छापायला पाठवू या. मी टाइप करीन. पुढच्या महिन्यात रजा मिळाली की येते.

तुझी,
खडू


५ ऑक्टोबर

खडू,

हे मी स्वतः लिहितोय. मामीने पुठ्ठ्याला ओळींच्या खिडक्या कापून दिल्यात, त्यांत बोट ठेवून लिहितो. ओळ ओळीवर चढली तर वाचून घे. मामी दुकानात गेली आहे. पाकीट खालचा पेपरवाला टाकेल.

पान आलं. मामीने उजेडात धरलं आणि ओरडलीच, ‘आहे हो! आहे!’ मग रडली. मग शेजारच्या बाईंना बोलावून चहा केला. त्यांना काय सांगितलं असेल कोण जाणे, त्या माझं अभिनंदन करून गेल्या. इतके महिने ती माझ्याकडे कसं बघत होती ते मला दिसत नव्हतं, पण कळायचं. मी चमचा उचलला तरी तिचा श्वास थांबायचा. आता थांबत नाही. रात्री गाढ झोपते, चक्क घोरते.

मी तिला विचारलं, वर्तुळ कसं आहे? म्हणाली, कसं म्हणजे काय, गोल आहे. मी म्हटलं, नीट बघून सांग. तेव्हा म्हणाली, ‘वरच्या बाजूला जरा उघडं आहे. मिटलेलं नाही.’

मी वर्तुळ दोनदा फिरवतो, खडू. पेन्सिल दाबून. मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी लागतं, क्लार्क नेहमी तक्रार करायचा. या पानावर मी बोट फिरवून बघितलं. दोन्ही बाजूंनी बघितलं.

तर मी काढलं नव्हतं.

परीक्षक तू आहेस हे मला अहवाल यायच्या आधीच समजायला हवं होतं. जानेवारीत तू एवढी उड्या मारत होतीस, आणि नंतरच्या एकाही पत्रात पेपरचं काय झालं म्हणून विचारलं नाहीस. जूनमध्ये तुझ्या प्रश्नाच्या उत्तरातही मी तुलाच शिकवत बसलो. अहवाल चांगला लिहिलायस. पाचव्या लेमाचं वाक्य मी मामीकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. शेवटचं वाक्यही. तू इतके महिने एकटी त्या जागी डोकं आपटत होतीस, आणि मी इथे तुझा कान पिळायची भाषा करत होतो, याचं फार वाईट वाटतं.

तुझ्यावर राग नाही. राग कुणावर धरावा हेच समजत नाही. आता पुढे काय, ते मला सुचत नाही आणि तुलाही सुचणार नाही. येईल ते येईल. मी कधी मामीला ‘या बाई कोण’ असं विचारलं तर तेव्हा तू जवळ असावीस, एवढं वाटतं.

मामीला काही बोलू नकोस. तिने ते पान आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय, येता-जाता बघते. कुणी आलं की दाखवते. एखाद दिवशी कुणाच्या तरी लक्षात येईल. म्हणून या महिन्यात येशील तेव्हा, ती आत असताना, पेन्सिल घेऊन ती फट तेवढी मिटव. मीच मिटवली असती, पण मला ती दिसत नाही.

मामा